आईकडची प्रत

नऊ महिन्यांची लस द्यायला लेकीला घेऊन गेले, त्या दिवशी मला पहिल्यांदा तिच्या हसण्याची भीती वाटली. नर्सने दंडात सुई टोचली. लेकीचं अंग जरासं ताठ झालं, डोळे मोठे झाले, आणि ती हसली. तोंडभर, जीभ थोडी बाहेर काढून, दोन्ही हात खांद्याशी फडफडवत. नर्स म्हणाली, "मायबाई! अशी गुनाची लेकरं रोज आली तं आमचं काम किती हलकं होईन." बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या. माझ्या सासूबाईंनी तिथेच कानशिलावर बोटं मोडली. मी मात्र नर्सच्या हातातल्या सुईकडे पाहत राहिले. टोचल्यावर रडायचं, हे कोणत्याही लेकराला शिकवावं लागत नाही. मग हिला काय झालं?

मी अकोल्यात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माहेर अमरावतीचं. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि ही लेक. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली, त्यामुळे तिचं कौतुक जास्तच. त्यातून ती गोरी निघाली. आम्ही दोघंही चांगले सावळे, सासूबाई तर काळ्याभोर. लेकीचा रंग मात्र पिठुळ आणि केस मक्याच्या कणसाच्या मिशांसारखे भुरे. पहिले काही महिने सासूबाई तिला कडेवर घेऊन मुद्दाम गल्लीत फिरवायच्या. मग एके दिवशी समोरच्या घरातली बाई फाटकापाशी उभी राहून म्हणाली, "कोनावर गेली वो पोट्टी? तुमच्यात तं कोनीच असं नाई." बोलणं साधंच होतं. पण तिने 'तुमच्यात' म्हणताना माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे नाही. त्या दिवसानंतर सासूबाईंनी लेकीला फिरवणं कमी केलं. मला ते लक्षात आलं. आणि मला लक्षात आलंय, हे त्यांच्याही लक्षात आलं.

लेक दहा महिन्यांची झाली, अकरा महिन्यांची झाली. बसवली की बाजूला कलंडायची. कलंडली की हसायची. हाक मारली तरी हसायची, पातेलं पडलं तरी हसायची, मी वैतागून रडले तरी माझ्या तोंडाकडे बघून हसायची. झोप इतकी कमी की सकाळी कॉलेजात पहिल्या तासाला माझेच डोळे मिटायचे. नवरा म्हणायचा, "हासते तं हासू दे नं. लोकायची रडतात, आपली हासते." सासूबाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हा बी दीड वर्साचा होईलोक बसला नोयता." मी ते खरं मानायला तयार नव्हते. नातीची बाजू घ्यायची असली की आजीला आपल्या मुलाचं सगळं उशिरा झालेलं आठवतं.

मग मी कारण शोधायला लागले. शोधायला म्हणजे खरं तर कोणावर तरी बोट ठेवायला. पहिला संशय नवऱ्याच्या दुकानावर. मी पोटुशी होते तेव्हा तो संध्याकाळी घरी आला की शर्टाला औषधांचा उग्र वास यायचा. तेच कपडे मी धुवायचे. एकदा मी त्याला विचारलं, "माह्या पाचव्या-सहाव्या महिन्यात दुकानात काही सांडलं होतं का?"

तो जेवत होता. घास तसाच हातात धरून म्हणाला, "कावून?"

"असंच."

"असंच कोनी इचारत नाई."

त्याने घास तोंडात टाकला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानाचे कपडे स्वतः धुवायला सुरुवात केली, अंगणातल्या नळावर. मला वाटलं, म्हणजे काहीतरी आहे. आता कळतं की त्यालाही तीच भीती वाटत असणार. पण तेव्हा त्याची भीती मला कबुली वाटली.

दुसरा संशय सासूबाईंच्या बाळगुटीवर. रोज अंघोळीनंतर त्या सहाणेवर हळकुंड, जायफळ, वेखंड असं काय काय उगाळून लेकीला चाटवायच्या. त्यात एक काळपट मुळी होती. नाव विचारलं तर म्हणायच्या, "माह्या आजीनं देल्ली होती, नाव कोनाले मालूम." जायफळाने गुंगी येते, हे मला माहीत होतं. मुळीचं मला काहीच माहीत नव्हतं. एक दिवस त्या देवळात गेल्या असताना मी त्या मुळीचा तुकडा कापून कागदात बांधला आणि कॉलेजात नेला. प्रयोगशाळेत कोणी नसताना पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वनस्पतीचं मूळ दिसतं तसंच मूळ दिसलं. त्यात विष आहे की औषध, ते तिथे दिसणार नव्हतंच. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. पण त्या दिवशी मी स्वतः वीस मिनिटं डोळा लावून बसले होते.

घरी आले तर सासूबाई दारातच. हातात ती मुळी.

"कापली कोनं?"

मी चपला काढायला वाकले.

"तुले वाटते मी लेकराले जहर देऊन राहिली?"

"तसं नाही आई."

"मंग कसं?" असं म्हणून त्यांनी ती मुळी अंगणात भिरकावली आणि आत गेल्या. त्या दिवसापासून गुटी बंद झाली. लेकीत काहीच फरक पडला नाही, म्हणजे तोही संशय खोटा ठरला. माफी मात्र मी मागितली नाही.

तिसरा संशय सगळ्यांत वाईट होता, कारण तो मी सगळ्यांत चोरून केला. नवऱ्याचं मूळ घराणं शेंदूरजनाघाटकडचं. तिथे त्याची एक चुलत काकू राहते, संत्र्याची बाग आहे त्यांची. लग्नात कोणीतरी बोलताना ऐकलं होतं की त्या घरात पूर्वी एक 'येडी' मुलगी होती, लहानपणीच गेली. ते तेव्हा कानाआड केलं होतं. आता ते दिवसरात्र कानात वाजू लागलं. मला वाटू लागलं, यांच्या घरात हा रोग आहे आणि लग्न ठरवताना यांनी लपवला.

नवऱ्याला सांगितलं, माहेरी जाते. अमरावतीला आईकडे लेकीला ठेवलं, आणि सकाळच्या एसटीने वरूडला, तिथून शेंदूरजनाघाटला गेले. काकूंना वाटलं, सून मृग बहराची संत्री न्यायला आली. त्यांनी बागेत नेलं, झाडाखालच्या बाजेवर बसवलं, सोलून फोडी दिल्या. मी तासभर इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग विचारलं. काकू सोलता सोलता थांबल्या.

"थे माही नणंद होती," त्या म्हणाल्या. "येडी कायची? तीन वर्साची असताना डोक्यात ताप गेला, अन् मंग तिले आयकू येनंच बंद झालं. आयकू नाई येत तं बोलता नाई ये. लोकायनं येडी ठरवली."

"ती हसायची का फार?"

"हासन कायची वो बापा. रडायची. दिवसभर रडायची."

संत्र्याची फोड माझ्या हातात तशीच होती. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. निघताना पिशवीभर संत्री दिली आणि म्हणाल्या, "लेकराले घेऊन ये एकदा." त्या पिशवीचं ओझं मला अमरावतीपर्यंत जड झालं. मी एका मेलेल्या मुलीवर आळ घेऊन आले होते, आणि तोही चुकीचा.

घरी पोचले तर आईच्या अंगणात गडबड. दुपारची वेळ. लेक चटईवर होती, डोळे एका बाजूला फिरलेले, हातपाय झटके देत होते. आई तिच्या नाकाशी कांदा धरून उभी होती. शेजारच्याच्या गाडीने आम्ही तिला अमरावतीतल्या लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. झटके वाटेतच थांबले. नवरा अकोल्याहून दोन तासांत आला. त्याच्या शर्टाला वास होता, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

डॉक्टर साधारण पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी लेकीला तपासलं, टेबलाच्या कडेला धरून उभं केलं, तिचे हात पाहिले, तिच्या केसांवरून बोट फिरवलं. मग आम्हा दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, म्हणजे आमच्या रंगाकडे. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. हसते का उगाच? झोप कमी आहे का? पाणी दिसलं की वेडी होते का? प्लॅस्टिकची पिशवी, चुरचुरणारा कागद, असलं काही आवडतं का?

सगळ्याचं उत्तर 'हो' होतं. आमच्या घरात बादली भरायला लावली की ती अख्खी थरथरायची आनंदाने. बिस्किटाच्या पुड्याचा कागद दोन दोन तास कुस्करायची. पण हे या माणसाला कसं कळलं? मला ते डॉक्टर न वाटता ज्योतिषी वाटायला लागले, जे 'तुमच्या घराजवळ एक झाड आहे' असं म्हणतात आणि झाड तर प्रत्येकाच्या घराजवळ असतंच.

"मला एका गोष्टीची शंका आहे," ते म्हणाले, "पण नाव आत्ता नाही सांगत. रक्त पाठवू. तिघांचं. तिचं, आईचं आणि वडिलांचं."

"वडिलांचं कशाला?" मी विचारलं.

ते उत्तर देणार तेवढ्यात नवऱ्याने बाही वर केली होती. "घ्या," तो म्हणाला. सुई पाहिली की तोंड फिरवणारा माणूस. लग्नाआधीच्या तपासणीला त्याला दोन जणांनी धरलं होतं. आणि आज विचारायच्या आधी हात पुढे.

फाटकापाशी उभी राहिलेली ती बाई मला आठवली. 'तुमच्यात तं कोनीच असं नाई.' ते बोलणं त्याच्याही कानावर गेलं असणार. मी त्याच्याकडे पाहिलं, तो भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत होता. रक्त देऊन झाल्यावर मी लेकीला घेऊन बाहेर आले, तर तो मागे थांबला. काचेच्या दारातून मला दिसत होतं. तो डॉक्टरांना काही विचारत होता, डॉक्टर मान हलवत होते. बाहेर आला तेव्हा मी विचारलं, काय विचारलं? तो म्हणाला, "औषदाचं. किती दिवस द्यायचं थे."

औषधाचं तर डॉक्टर आमच्या दोघांसमोर बोलले होते.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागणार होते. ते आठवडे आम्ही एका घरात दोन पोलिसांसारखे काढले. त्याचा फोन वाजला की मी ऐकायचे, माझा वाजला की तो मान वर करायचा. मी कधी नव्हे ते लेकीचे कान त्याच्या कानांशी ताडून पाहिले. माझं माझ्याबद्दल मला पक्कं माहीत होतं, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तरीही मी ताडून पाहिले. दुसऱ्याचा संशय असा अंगाला चिकटतो. दिवसभर फवारणी केलेल्या माणसाने अंघोळ केली तरी वास जात नाही, तसा. सासूबाई काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणंही मला ठरवून केल्यासारखं वाटायचं.

बोलावणं आलं तेव्हा आम्ही लेकीला घेऊन सकाळच्या गाडीने गेलो. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला आणि नाव सांगितलं. मी ते नाव कधीच ऐकलं नव्हतं, आणि जीवशास्त्र शिकवताना मला आपण बरंच जाणतो असं वाटायचं. त्यांनी विचारलं, "विकर म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको ना?"

मला हसू यायला हवं होतं. विकर, एन्झाइम, ते तर मी दरवर्षी जून-जुलैत शिकवते. लाळेतलं पिष्टमय पदार्थ फोडणारं, पोटातलं प्रथिनं तोडणारं, असं मी सांगूही लागले. "पचनाचं नाही," ते म्हणाले. "हे दुसऱ्या प्रथिनांवर खूण करणारं आहे. अकोल्यात अतिक्रमण हटवतात तेव्हा आधी काय करतात?"

"लाल फुली मारतात," नवरा म्हणाला. त्याच्या दुकानाच्या पायरीवर एकदा मारली होती.

"बरोबर. मग गाडी येते आणि फुली असलेलंच तेवढं पाडते. पेशीतही तसंच. ज्या प्रथिनाचं काम झालं, त्याच्यावर हे विकर एक खूण चिकटवतं, मग ते प्रथिन मोडलं जातं. बाळाचा मेंदू घडत असताना चेतापेशींचे एकमेकींशी लाखो जोड होतात, काही ठेवायचे असतात, काही काढायचे. कोणतं प्रथिन कधी हटवायचं याला तिथे फार महत्त्व असतं. फुली मारणारा माणूसच आला नाही, तर जायचं ते जात नाही आणि रस्ता अडतो. तुमच्या मुलीच्या मेंदूत ते विकर जवळजवळ नाहीच. बोलणं, तोल, झोप, झटके, हे हसणंसुद्धा, सगळं तिथून येतं."

हसणंसुद्धा. वर्षभर जे सगळ्यांना गुणाचं वाटलं, ते एका कागदावर लक्षण म्हणून लिहिलेलं होतं. माझा संशय खरा निघाला होता. खरं निघाल्याचं समाधान असतं असं लोक म्हणतात, मला तर उठून पळून जावंसं वाटलं.

मी विचारलं, "पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक खराब झाली तर दुसरी आहे ना?"

डॉक्टर म्हणाले, "या जनुकाचं वेगळं आहे. चेतापेशींत वडिलांकडून आलेली प्रत गप्प असते. सगळ्यांचीच. काम फक्त आईकडून आलेली करते. उंदरातही असंच आहे, म्हणून तर याचा अभ्यास होऊ शकला. तुमच्या मुलीत आईकडून आलेल्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आहे. त्यातच हे जनुक होतं."

"म्हणजे माझ्याकडून," मी म्हणाले.

"तुमच्या रक्तात तो तुकडा शाबूत आहे. गर्भ राहायच्या आधी, बीजांड तयार होताना केव्हातरी तुटला. तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही, काही केलं म्हणून नाही. कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं." मग त्यांनी कागद उलटला. "त्या तुकड्यात रंगाशी संबंधित एक जनुकही असतं. म्हणून अशी मुलं घरातल्यांपेक्षा गोरी दिसतात. आणि वडिलांकडून आलेली प्रत पूर्ण आहे, ती यांच्याशी जुळते."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकल्यासारखं टाकलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते आणि एक लांब श्वास सोडला होता. लेकीचा आजार ऐकून कोणी असा श्वास सोडत नाही.

बडनेऱ्याला गाडीला उशीर होता. भर दुपारी फलाटावर पंख्याखाली आम्ही बसलो. लेक माझ्या मांडीवर चिप्सचा रिकामा पुडा चुरगाळत होती. मी सरळ विचारलं.

"त्या दिवशी मांगं थांबून डॉक्टरले काय इचारलं होतं?"

त्याने लेकीच्या हातातून निसटलेला पुडा उचलून तिला दिला. खोटं बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "इचारलं का या तपासणीत बाप कोन हाये थे कयते का."

"मंग?"

"म्हने कयू शकते, पन आमी त्याच्यासाठी नाई करून राह्यलो."

"अन् तुमी कशासाठी रक्त देल्लं?"

"दोन्हीसाठी," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "लोक बोलत होते. दुकानात बी बोलले. मले लाज वाटत होती इचाराची, पन राहवलं बी नाई. आता तू काई बी म्हन."

गाडी आली असती तर मी कदाचित दुसऱ्या डब्यात जाऊन बसले असते. पण गाडी आली नव्हती, आणि माझ्या पोटातही एक गोष्ट होती. मी म्हणाले, "मी शेंदूरजनाघाटले गेली होती. तुमच्या घरात असा आजार हाये का थे पाहाले."

"मले मालूम हाये. काकूनं त्याच दिवशी फोन केला होता."

इतके आठवडे त्याला माहीत होतं. मी माहेरी गेल्याचं खोटं सांगितलं, संत्री आईने विकत घेतली म्हणून सांगितलं, आणि त्याने ती संत्री सोलून खाल्ली होती. गाडी आली, आम्ही एकाच डब्यात बसलो, मूर्तिजापूर गेलं. त्यानंतर लेकीने त्याच्या खिशातला पेन ओढला आणि तो तिच्याशी बोलायला लागला, माझ्याशी नाही. मी त्याला माफ केलं का? पुष्कळ दिवस नाही. त्यानेही मला केलं नसावं. आमचं बोलणं हळूहळू, औषधाच्या वेळांवरून सुरू झालं, कारण झटक्यांची गोळी सकाळ-संध्याकाळ चुकवता येत नव्हती आणि ती आठवण एकमेकांना करून द्यावीच लागायची.

सासूबाईंना सांगायचं मीच ठरवलं. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "आई, लेकीत जो तुकडा नाही, तो माझ्याकडून यायचा होता." पुढे काय ऐकावं लागेल याची तयारी करूनच बसले होते. मग फुलीचं सांगितलं, विकराचं सांगितलं, आईकडच्या आणि बापाकडच्या प्रतीचं सांगितलं. त्या डाळीतून मान वर न करता ऐकत होत्या.

"अन् बापाची हाये म्हनतं, मंग थे कावून काम करत नाई?" त्यांनी विचारलं. वर्गात बारावीच्या मुलांना न सुचणारा प्रश्न.

"मेंदूत ती झोपेल राहते. सगळ्यायचीच. तुमच्या लेकाच्या डोक्यात बी तुमचीच चालते."

त्यांचा हात थांबला. "अन् माह्या डोक्यात?"

"तुमच्या आईची."

"माही माय तं मी सा महिन्याची असतानाच गेली. मले तिचं तोंड बी आठवत नाई." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे खरं सांगतं, का माह्या मनाले बरं वाटाव म्हनून?"

"पुस्तकात आहे आई."

"पुस्तकात तं काईबी रायते."

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाताना त्या स्वतःहून गाडीत येऊन बसल्या. आत गेल्यावर लेकीचं तपासून झालं, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि डॉक्टरांना विचारलं, "सायेब, मायचंच चालते म्हनते ही, खरं हाये का?" डॉक्टर म्हणाले, या जनुकाच्या बाबतीत खरं आहे. त्या बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि कितीतरी वेळ स्वतःच्या डोक्यावर हात धरून राहिल्या. मला वाटलं, डोकं दुखतंय. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या.

रंगाचं कारण मी त्यांना सांगितलं होतंच. ते गल्लीत कोणाला सांगायचं का, यावर घरात चर्चा झाली नाही. पण एक दिवस मी कॉलेजातून येताना पाहिलं, सासूबाई समोरच्या फाटकापाशी उभ्या राहून त्या बाईला काहीतरी मोठ्याने समजावत होत्या, आणि लेक त्यांच्या कडेवर होती.

आता लेक आठ वर्षांची आहे. साडेपाचव्या वर्षी चालायला लागली, पाय फाकवून, हात वर धरून, पहिल्याच दिवशी थेट अंगणातल्या नळापर्यंत. बोलत नाही. बोलणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणतात, पण समजतं तिला पुष्कळ. दर काही महिन्यांनी कोणीतरी फोनवर काहीतरी पाठवतं, अमुक ठिकाणी खात्रीचा इलाज, तमुक बाबांची राख. मी ते सगळं वाचते आणि एकावरही विश्वास ठेवत नाही. कुठे कुठे या विकरावर औषध शोधण्याचं काम चाललंय, हेही वाचते. त्यावरही अजून नाही. माझ्यातला संशय गेलेला नाही, आता फक्त तो माणसांवरून उतरून जाहिरातींवर बसलाय.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंनी तिच्यासाठी चित्रांच्या पाट्या करून दिल्या. भात, झोप, बाहेर, आणि एका पाटीवर आडवा केलेला हात, म्हणजे 'नको'. दोन आठवडे तिने त्या सगळ्या फक्त चावल्या. मग एका दुपारी सासूबाई तिला वरण-भात भरवत होत्या. तिने घास तोंडातून बाहेर काढला, चटईवरून एक पाटी उचलली आणि आजीच्या मांडीवर टाकली. 'नको'ची पाटी.

सासूबाई ओरडल्या, "पाह्य, पाह्य! सांगून राहिली!"

मी म्हणाले, योगायोग असेल. पाटी उचलून पुन्हा इतरांत मिसळली आणि दुसरा घास पुढे केला. तिने शोधून तीच पाटी काढली. नवरा दुकानातून जेवायला आला होता, दारातच उभा राहिला. "अजून एकदा कर," तो म्हणाला. त्यालाही खात्री हवी होती. आम्ही तिसऱ्यांदा केलं. या वेळी तिने पाटी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर कपाळाला आठी पडलेली दिसली. पाटी तिने माझ्या तोंडावर फेकली.

सासूबाई म्हणाल्या, "नाई म्हनते नं थे? मंग पुरे करा आता," आणि ताट उचलून आत घेऊन गेल्या.